जुना विमोचक नळ आणि त्याच्या झडपा: एका दुरुस्ती सेवेचा सविस्तर अभिप्राय

मातीच्या धरणाच्या तळातून जलाशयाचे पाणी बाहेर सोडणारा जुना विमोचक नळ व त्याच्या झडपा दुरुस्त करून देणारी सेवा घेताना सर्वांत मोठी अडचण ही असते की काम चांगले झाले की वाईट, हे वरून दिसत नाही. छत गळू लागले तर खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर थेंब पडतो. भरावाच्या पोटातला नळ मात्र पन्नास-साठ वर्षे निमूट काम करतो आणि बिघडायला लागतो तेव्हाही बराच काळ निमूटच बिघडतो. आमच्या देखरेखीखालील जलाशयावर अशी सेवा घेऊन आता जलाशय भरण्याचे आणि उतरण्याचे एक पूर्ण चक्र पार पडले आहे, त्यामुळे काम संपल्याच्या दिवशी वाटले ते आणि वर्षभराने दिसले ते, अशा दोन्ही गोष्टी मांडता येतील. सेवा देणाऱ्या संस्थेचे नाव देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार तिच्या एकटीपुरती नाही. या प्रकारची कामे ज्या पद्धतीने मागवली आणि मोजली जातात, त्या पद्धतीतच ती दडलेली आहे.

थोडक्यात मत असे: नळाचे काम उत्तम झाले, झडपेचे काम आम्ही हटून बसल्यावर उत्तम झाले, आणि नळाच्या बाहेरच्या मातीचा विचार कोणी केलाच नाही.

धरण २२ मीटर उंचीचे, चिकणमातीच्या गाभ्याचे आहे. तळातून ९०० मिलिमीटर व्यासाचा बीडाचा नळ जातो. तो सहा दशकांहून जुना असून त्याचे सांधे शिसे ओतून आणि ठोकून बसवलेले आहेत. पाण्याच्या बाजूला मनोऱ्याच्या पायथ्याशी एक स्लुइस व्हॉल्व्ह, म्हणजे चकती खाली-वर सरकवून पाणी अडवणारी झडप, आहे, त्याला आम्ही गार्ड व्हॉल्व्ह म्हणतो. नळाच्या दुसऱ्या टोकाला, भरावाच्या पायथ्याशी, रोजच्या विसर्गाचा सर्व्हिस व्हॉल्व्ह आहे. रोज चालतो तो सर्व्हिस व्हॉल्व्ह. गार्ड व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे उघडाच होता, आणि ‘चालतो की, कधी अडचण आली नाही’ एवढाच त्याच्याविषयीचा आमचा अभिलेख होता. ज्या झडपेला कधी हातच लावला नाही, तिची अडचण येणार तरी कशी, हा प्रश्न आम्ही स्वतःला फार उशिरा विचारला.

गार्ड व्हॉल्व्ह उघडा आणि सर्व्हिस व्हॉल्व्ह बंद असतो तेव्हा भरावातून जाणारा संपूर्ण नळ जलाशयाच्या पूर्ण दाबाखाली असतो. एखादा सांधा सुटला तर दाबाचे पाणी थेट मातीत शिरते. इंग्लंडमध्ये शेफील्डजवळ डेल डाइक धरण ११ मार्च १८६४ च्या रात्री फुटले आणि किमान २४० माणसे दगावली. ते नेमके कशामुळे फुटले यावर पुढे पुष्कळ वाद झाला, परंतु भरावाखालून नेलेल्या बीडाच्या दोन नळांना झडपा फक्त बाहेरच्या टोकाला होत्या, ही त्या रचनेवरची टीका आजही तेवढीच लागू आहे. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात १९०३ साली बांधलेले लॉन लेक धरण तर जेमतेम आठ मीटर उंचीचे होते. १५ जुलै १९८२ रोजी ते फुटले आणि तीन जणांचा जीव गेला. तेथे विमोचक नळ आणि झडप यांच्या जोडातले शिसे झिजले होते, त्या जोडातून सुटणाऱ्या पाण्याने आतल्या आत माती धुऊन नेली, असे तपासात निष्पन्न झाले. आमचेही सांधे शिशाचेच, म्हणून ही दुसरी घटना वाचल्यावर आम्ही निविदा काढण्याचा निर्णय घेतला, हे सांगायला संकोच वाटत नाही.

कामाची सुरुवात मला सर्वांत आवडली. पथकप्रमुख मनोऱ्यावर आले, गार्ड व्हॉल्व्हच्या चाकाकडे पाहिले आणि आमच्या व्हॉल्व्हमनना म्हणाले, ‘तुम्ही याला आज हात लावू नका.’ त्यांचे म्हणणे असे होते की जुनी झडप हलवण्याआधी ती अर्ध्यावर अडकली तर पुढे काय करायचे, याचे उत्तर कागदावर लिहिलेले असले पाहिजे. अडकलेल्या झडपेच्या चाकाला लांब पाइप लावून जोर देणे हा आपल्याकडचा सर्वांचाच पहिला उपाय असतो, आणि स्पिंडल, म्हणजे चकती हलवणारा आटेदार दांडा, पिळवटून तुटण्याचे ते एक हमखास कारण असते. पहिले दोन दिवस त्यांनी फक्त जुनी रेखाचित्रे तपासली, चाकाच्या पेटीतील दातेचक्रांचे प्रमाण मोजले, स्पिंडलच्या आट्यांतील अंतर शोधले आणि हिशेब मांडला: वरचे चाक ३६८ फेरे फिरल्यावर झडप पूर्ण बंद व्हायला हवी. हा एक आकडा आमच्याकडे साठ वर्षांत कोणी लिहून ठेवला नव्हता. मनोऱ्याच्या माथ्यापासून झडपेपर्यंत जोडत नेलेला दांडा इतका लांब आहे की वरचे चाक फिरू लागले तरी काही वेळ दांडाच पिळत राहतो आणि खाली काहीच हालत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. त्यामुळे फेरे मोजायला कोठून सुरुवात करायची, याची खूण त्यांनी रंगाने करून ठेवली.

सुरक्षेच्या बाबतीत पथक काटेकोर होते. मनोऱ्याच्या तळमजल्यावर उतरण्यापूर्वी प्रत्येक वेळी प्राणवायू आणि हायड्रोजन सल्फाइड यांचे मापन झाले. जलाशयाच्या तळाचे पाणी कुजलेल्या अंड्याचा वास घेऊन बंद जागेत शिरते, हे आमच्या लोकांना ठाऊक होते, पण तो वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे नव्हे, तर नाक बधिर झालेले असू शकते, हे ठाऊक नव्हते. पाणबुडे पाण्यात असताना दोन्ही झडपांच्या चाकांना साखळी आणि कुलूप लावून किल्ली पाणबुड्यांच्या प्रमुखाकडेच ठेवली जात होती. उघड्या तोंडातून पाणी ओढले जात असेल तर पाणबुड्या तेथे चिकटतो आणि त्याला कोणी ओढून काढू शकत नाही. म्हणून या बाबतीत मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देईन.

नळाच्या अंतर्भागाची तपासणी चाकांवरच्या कॅमेऱ्याने झाली. चित्रीकरण स्वच्छ होते, प्रत्येक सांध्याचे अंतर पडद्यावर दिसत होते आणि गंजाच्या गाठी मुळ्यांसारख्या वाढलेल्या होत्या, त्याही मोजून दिल्या. चार सांध्यांतून पाणी आत झिरपत होते. त्यांपैकी एका सांध्याखाली नळाच्या तळावर मऊ पिवळसर गाळाची छोटीशी रांग साचलेली दिसली. कॅमेरा चालवणाऱ्या तरुणाने ‘किरकोळ साठा’ म्हणून तिची नोंद केली. तो किरकोळ साठा म्हणजे धरणाची माती होती. नळ रिकामा असताना पाणी बाहेरून आत येते आणि येताना मातीचे बारीक कण घेऊन येते. नळ भरला की हेच उलट दिशेने घडते. गळती स्वच्छ असेल तर ती नुसती गळती. गढूळ असेल तर ती धूप असते. हा फरक तपासणी अहवालाच्या रकान्यांत कोठेच नव्हता, आणि तो नसणे ही या सेवेतली पहिली मोठी उणीव.

दुसरी उणीव जाडीच्या मोजमापाची. अल्ट्रासोनिक यंत्राने नळाच्या भिंतीची जाडी मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजून देण्यात आली आणि तक्ता पाहून सर्वांचे समाधान झाले. परंतु जुने बीड पोलादासारखे पापुद्रे सुटून गंजत नाही. त्यातले लोह विरघळून जाते आणि ग्राफाइटचा सांगाडा जागच्या जागी राहतो. नळाचा आकार, रंग आणि जाडीसुद्धा तशीच दिसते, ताकद मात्र गेलेली असते. अशा धातूत ध्वनिलहरी कोठून परततात यावर फार विश्वास ठेवता येत नाही. आम्ही आग्रह धरला तेव्हा पथकातील एका अनुभवी तंत्रज्ञाने खिशातला चाकू काढला आणि सांध्याजवळचा पृष्ठभाग खरवडला. चार मिलिमीटरपर्यंत काळी, पेन्सिलीच्या शिशासारखी भुकटी निघाली. यंत्राने जिथे २४.६ मिलिमीटर सांगितले होते, तीच ही जागा. त्या तंत्रज्ञाला हे आधीपासून माहीत होते. अहवालाच्या नमुन्यात चाकूसाठी रकाना नव्हता, एवढेच.

आता गार्ड व्हॉल्व्हकडे येतो. मला सर्वांत अधिक लिहायचे आहे ते याच विषयावर.

तिसऱ्या आठवड्यात गार्ड व्हॉल्व्हची चाचणी घेण्यात आली. सर्व्हिस व्हॉल्व्ह बंद ठेवून, म्हणजे नळातले पाणी स्थिर असताना, गार्ड व्हॉल्व्ह सावकाश बंद केला गेला. ३६८ फेरे झाले, झडप बसली, आणि अंतरिम अहवालात तिच्यासमोर हिरवा रंग आला. आम्ही हा रंग नाकारला. स्थिर पाण्यात झडपेच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब असतो, चकती आपल्या मार्गदर्शकांमध्ये मोकळी लोंबकळत खाली येते आणि तिला कोणाशी झुंजावे लागत नाही. ज्या दिवशी गार्ड व्हॉल्व्हची खरोखर गरज पडेल, त्या दिवशी खालचा सर्व्हिस व्हॉल्व्ह तुटलेला किंवा नळ फुटलेला असेल, पाणी वाहत असेल आणि वाहत्या पाण्यातच चकती खाली न्यावी लागेल. ९०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर १८ मीटर पाण्याचा दाब म्हणजे सुमारे साडेअकरा टनांचा रेटा. एवढ्या रेट्याने बैठकीवर दाबली गेलेली चकती तिच्यावरून घासत सरकवायची असते. त्या परीक्षेत उत्तीर्ण होईपर्यंत झडप बंद होते असे म्हणणे म्हणजे उभ्या गाडीचा ब्रेक दाबून तो लागतो असे लिहून देणे होय.

पथकाने सुरुवातीला विरोध केला. तो पूर्णपणे चुकीचा होता असे म्हणणार नाही, कारण वाहत्या पाण्यातली चाचणी ही स्वतःच जोखीम असते. अमेरिकेतील ऑरोव्हिल धरणावर जुलै २००९ मध्ये नदी-विमोचकाच्या झडपांची चाचणी सुरू असताना आतील पोलादी भिंत निखळली आणि कर्मचारी जखमी झाले होते. पण जोखीम आहे म्हणून चाचणी टाळायची, तर ती जोखीम फक्त पुढच्या एखाद्या रात्रीवर ढकलली जाते, तेव्हा ना तयारी असेल ना उजेड. शेवटी टप्प्याटप्प्याने चाचणी घेण्याचे ठरले: सर्व्हिस व्हॉल्व्ह पाव उघडायचा, तो केव्हाही बंद करता येईल याची खात्री करायची, मनोऱ्यावर आणि खाली दोन्हीकडे माणसे व रेडिओ ठेवायचे, आणि गार्ड व्हॉल्व्हच्या चाकावर बलमापक बसवायचा.

त्याआधी आणखी एक गोष्ट उघडकीस आली, आणि तिचे श्रेय पथकालाच आहे. गार्ड व्हॉल्व्हच्या लगेच पुढे नळातून वर येणारा हवानळ असतो. गार्ड व्हॉल्व्ह बंद होत असताना पुढचे पाणी वाहून जाते आणि त्याची जागा घ्यायला हवा यावी लागते. हवा आली नाही तर नळात निर्वात पोकळी तयार होते, पातळ भिंतीचा नळ चिरडला जाऊ शकतो आणि आतले आस्तर ओढले जाऊन सुटते. आमच्या हवानळाच्या तोंडावर कोणीतरी, केव्हातरी, पोलादी पत्रा वेल्ड करून ठेवला होता. बहुधा विसर्गाच्या वेळी तेथून येणाऱ्या शिटीचा कोणाला तरी त्रास होत असावा. रंगही नीट दिलेला होता. कामात कसूर नव्हती. पत्रा कापून तेथे जाळी बसवल्यावरच चाचणी सुरू झाली.

गार्ड व्हॉल्व्ह ३३४ व्या फेऱ्याला अडकला. मागे घेतला, पाण्याच्या झोताने बैठकीवरचा कचरा वाहून जावा म्हणून थोडा वेळ तसाच ठेवला, पुन्हा बंद केला, पुन्हा ३३४. तिसऱ्यांदाही तेच. येथे पथकप्रमुखांचा अनुभव कामी आला. दगड किंवा लाकूड अडकले असते तर दर वेळी आकडा थोडासा बदलला असता. तोच आकडा तीनदा येतो याचा अर्थ धातूच धातूला अडवतो आहे. उरलेले ३४ फेरे म्हणजे झडपेच्या तळाशी सुमारे साडेआठ सेंटीमीटरची चंद्रकोरीसारखी फट. कागदावर ती लहान वाटते, पण १८ मीटर दाबाखाली त्या फटीतून सेकंदाला सुमारे पाऊण ते एक घनमीटर पाणी जात राहते. फुटलेल्या नळाभोवतीचा भराव कोसळायला एवढे पाणी पुरेसे असते. अंतरिम अहवालात हिरवी असलेली झडप ती हीच.

दुरुस्तीसाठी गार्ड व्हॉल्व्हच्याही अलीकडे पाणी अडवावे लागले. पाणबुड्यांनी नळाच्या घंटाकार तोंडावर रबरी किनारीची पोलादी झाकणप्लेट बसवली. तिच्यात दोन्ही बाजूंचा दाब समान करण्यासाठी छोटा बायपास होता, कारण तो नसता तर काम संपल्यावर साडेअकरा टनांनी चिकटलेली प्लेट काढणार कोण? झडपेचे वरचे कवच उघडल्यावर कारण स्पष्ट झाले. चकतीच्या दोन्ही कडांच्या गनमेटलच्या सरकपट्ट्या झिजून गेल्या होत्या, त्यामुळे वाहत्या पाण्यात चकती पुढे कलत होती आणि तिची खालची कड बैठकीच्या किंचित वर आलेल्या कडीला ठोकरत होती. स्थिर पाण्यात ती कलत नव्हती, म्हणून ठोकरही लागत नव्हती. पट्ट्या नव्या बसवल्या, बैठक जागेवरच यंत्राने समपातळीत आणली, ग्लँडचे, म्हणजे स्पिंडलभोवतीची गळती रोखणाऱ्या भागाचे, जुने पॅकिंग बदलले. त्यानंतर वाहत्या पाण्यात झडप ३६८ फेऱ्यांत पूर्ण बसली. दोन माणसांना हाताने चाळीस मिनिटे लागली, आणि आणीबाणीत ही वेळ कमी करायची तर बल मर्यादित करणारी फिरती मोटर हवी, अशी पथकाची शिफारस आम्ही मान्य केली.

संपूर्ण अहवालात मला सर्वांत मोलाचे वाटलेले पान कोणते, असे विचारले तर मी या चाचणीचा आलेख दाखवीन: आडव्या रेषेवर फेरे, उभ्या रेषेवर चाकाला लागणारे बल. पुढच्या वर्षी तीच चाचणी घेऊन दोन आलेख एकावर एक ठेवले की झडप म्हातारी होते आहे का, हे एका नजरेत कळेल. घर्षण हळूहळू वाढते आणि वाढते तेव्हा दिसत नाही. अमेरिकेतील फॉल्सम धरणाचा सांडव्याचा एक दरवाजा १७ जुलै १९९५ रोजी उघडत असतानाच मोडला, तेव्हा त्याच्या आसाच्या खुंटीवर गंजामुळे वाढलेले घर्षण हे प्रमुख कारण ठरले होते, आणि वंगण देण्याचे अंतर काळाच्या ओघात वाढत गेले होते हेही पुढे आले. तसेच दुसरे उदाहरण तुंगभद्रा धरणाचे: १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेल्यावर वाहत्या पाण्यात आडवे लोखंडी अडसर सोडून मार्ग बंद करण्याची वेळ आली. दरवाजा असो की झडप, अडवणारी पहिली वस्तू गेल्यावर दुसरी काय, या प्रश्नाचे उत्तर आधीच तयार असावे लागते.

आस्तराविषयी थोडक्यात लिहितो, कारण येथे तक्रारीला फारशी जागा नाही. नळ पाण्याच्या झोताने खरवडून स्वच्छ केल्यावर राळेत भिजवलेले कापडी आस्तर आत उलटवत नेऊन गरम पाण्याने घट्ट केले गेले. हे तंत्र १९७१ मध्ये एरिक वूड यांनी लंडनमध्ये पहिल्यांदा वापरले आणि मुख्यतः सांडपाण्याच्या नळांसाठी ते जगभर रुळले. धरणाच्या नळाला ते जसेच्या तसे लावता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. सांडपाण्याच्या नळात वेग कमी असतो आणि दाब जवळजवळ नसतो. येथे आतून दाब, बाहेरून भूजलाचा रेटा, झडप बंद करताना निर्वाताची ओढ, असे तीन वेगवेगळे भार सोसावे लागतात, आणि तिन्हींचा हिशेब मागून घ्यावा. आस्तराची टोके झडपेच्या फ्लँजपाशी, म्हणजे जोडाच्या कडेपाशी, कशी बंद केली आहेत, हे स्वतः हात लावून पाहावे, कारण आस्तर सुटते ते टोकापासून. व्यास काही सेंटीमीटरने घटला, तरी गंजाच्या गाठी जाऊन पृष्ठभाग गुळगुळीत झाल्यामुळे विसर्गक्षमता घटलेली नाही, हे आम्ही प्रत्यक्ष मोजून पाहिले. पिण्याच्या पाण्याचा जलाशय असेल तर राळेतील स्टायरीन हे रसायन पूर्णपणे धुऊन गेल्याची पाणीतपासणी झाल्याशिवाय विसर्ग सुरू करू नये. पथकाने ती न मागता केली.

आस्तर आहे म्हणून झडप कशीही चालवावी असे नाही, ही गोष्ट चालकांना समजावण्यासाठी मात्र पथकाने एक तासही ठेवला नव्हता. झडप अगदी थोडीशी उघडी ठेवून दिवसेंदिवस पाणी सोडले की तिच्या मागच्या बाजूला दाब इतका खाली येतो की पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि पुढे दाब वाढताच ते फुटून पृष्ठभागावर घणाचे घाव घालतात. अमेरिकेतील ग्लेन कॅन्यनसारख्या अजस्र धरणातही, जलाशयाची पातळी कमी असताना एप्रिल २०२३ मध्ये केलेल्या मोठ्या विसर्गानंतर, विमोचक नळांच्या आतल्या लेपाला अशाच पोकळीकरणाची इजा आढळली आणि पुढे ते नळ नव्याने लेपावे लागले. आमच्या व्हॉल्व्हमननी झडपेतून ‘खडी वाहिल्यासारखा’ आवाज येतो असे कितीतरी वर्षांपूर्वी सांगितले होते. पाण्यात खडी नव्हती.

काम संपले, देयक मंजूर झाले, पथक परत गेले. जलाशय भरू लागला.

भरावाच्या पायथ्याशी पाझराचे पाणी गोळा करून त्रिकोणी खाचेवरून मोजण्याची आमची जुनी व्यवस्था आहे, आणि नळाच्या रेषेलगत भरावात, मातीतल्या पाण्याचा दाब दाखवणाऱ्या, दोन दाबनलिका आहेत. आस्तर बसवल्यानंतर सहा आठवड्यांत, जलाशयाची पातळी मागच्या वर्षीच्या त्याच तारखेइतकी असताना, जवळच्या दाबनलिकेतले पाणी साठ सेंटीमीटरने वर आलेले दिसले आणि खाचेवरचा प्रवाहही वाढला. नळ तर आतून कोरडा ठणठणीत होता. विचार केल्यावर उलगडा झाला, आणि तो आधीच व्हायला हवा होता: सर्व्हिस व्हॉल्व्ह बारमाही पूर्ण बंद नसे, पाणी वाहत असताना नळातला दाब उतरत असे, आणि तेव्हा ते चार गळके सांधे भरावातले पाणी आत ओढून घेऊन नकळत निचऱ्याचे काम करत होते. आम्ही आस्तराने ती वाट बंद केली. पाणी थांबले नाही; ते नळाच्या बाहेरच्या अंगाने, माती आणि बीड यांच्यामधल्या फटीतून पुढे सरकू लागले. शिवाय त्याच फटीतून पूर्वी काही माती वाहून गेलेली आहे, हे आम्हाला त्या पिवळसर गाळावरून माहीत होते.

याचा अर्थ आस्तर घालणे चूक होते असा नाही. गढूळ गळती तशीच ठेवणे अधिक वाईट झाले असते. पण भरावातल्या नळाला आतून सील करणाऱ्या कोणत्याही सेवेने, बाहेरचा दाब वाढेल याची पूर्वसूचना देणे आणि नळाच्या बाहेरच्या टोकाभोवती वाळू-खडीचा गाळणीथर घालण्याचा पर्याय त्याच प्रस्तावात मांडणे आवश्यक आहे. जुन्या काळी नळाला मध्ये मध्ये काँक्रीटच्या कड्या घालून पाझर अडवण्याची पद्धत होती. कड्यांजवळ माती नीट धुमसली जात नसे, म्हणून आता जोर पाझर अडवण्यापेक्षा तो गाळून सुरक्षित बाहेर काढण्यावर आहे. या गोष्टी धरण अभियंत्यांना नव्या नाहीत. नळ दुरुस्त करणाऱ्यांना मात्र नळ म्हणजे नळ वाटतो. त्याच्या बाहेरची माती हा दुसऱ्या कोणाच्या तरी निविदेचा विषय असतो. आम्ही पत्र पाठवले, तेव्हा उत्तर सभ्य आणि तत्पर आले: ‘भरावाची स्थिती आमच्या कार्यकक्षेत नव्हती.’ ते खरे होते. कार्यकक्षा आम्हीच लिहिली होती.

मग ही सेवा घ्यावी का? माझे उत्तर होय असेच आहे, कारण जुन्या नळाकडे पाठ फिरवून बसण्यापेक्षा ती कितीतरी बरी. विसर्गाची वाट चालू असणे ही चैन नाही. इंग्लंडमध्ये टॉडब्रूक जलाशयाचा सांडवा १ ऑगस्ट २०१९ रोजी खचला तेव्हा सुमारे दीड हजार लोकांना घरे सोडावी लागली आणि पाणी उतरवण्यासाठी बाहेरून पंप आणून लावावे लागले. मात्र कार्यादेश लिहिताना तीन वाक्ये त्यात अवश्य असावीत: गार्ड व्हॉल्व्हची स्वीकृती चाचणी वाहत्या पाण्यात होईल, सांध्यातून आलेल्या प्रत्येक गाळाचा नमुना भरावाच्या मातीशी ताडून पाहिला जाईल, आणि आस्तरापूर्वी किमान तीन महिने व त्यानंतर एक पूर्ण भरण होईपर्यंत पाझराच्या आणि दाबनलिकांच्या नोंदी सेवा देणारी संस्था आमच्याबरोबर तपासेल. तिसऱ्या वाक्याला पथकप्रमुखांनी आता तोंडी होकार दिला आहे. लेखी यायचा आहे.

गाळणीथराचे काम या आठवड्यात सुरू झाले. ते पूर्ण होईपर्यंत जलाशयाची पातळी पूर्ण संचयापेक्षा तीन मीटर खाली ठेवली आहे, गार्ड व्हॉल्व्ह बंद आहे, हवानळ उघडा आहे, आणि खाचेवरचे पाणी आमचे व्हॉल्व्हमन दिवसातून दोनदा काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरतात. कालपर्यंत ते स्वच्छ होते.